भौतिकशास्त्र मंडळाच्या निवडणुकीसाठी घेतलेली ऑनलाइन मतदान सेवा : मोजणी चोख, मतदारयादी मात्र आपली आपणच तपासावी

आमच्या विभागातील विद्यार्थ्यांच्या भौतिकशास्त्र मंडळात अभ्यास सचिव, व्याख्यान सचिव आणि प्रयोगशाळा सचिव अशी तीन शैक्षणिक पदे आहेत. गेल्या वर्षापर्यंत ही पदे वर्गात हात वर करून भरली जात. यंदा प्रथमच गुप्त मतदान झाले. त्यासाठी एका परदेशी कंपनीची सशुल्क ऑनलाइन मतदान सेवा घेतली आणि निवडणूक अधिकारी म्हणून यादी तयार करण्यापासून निकाल लावण्यापर्यंतचे सगळे काम माझ्याकडे होते. सोलापुरातील आणि जिल्ह्यातील इतर महाविद्यालयांच्या विज्ञान मंडळांनी हा अनुभव विचारला, म्हणून सविस्तर लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम घेतलेले नाही, कारण आम्हाला आलेल्या अडचणींपैकी बऱ्याचशा अशा कोणत्याही सेवेत येऊ शकतात आणि त्यांची तयारी मंडळानेच करावी लागते.

एवढ्या लहान मंडळाला मतदान सेवेची गरजच काय, असे आम्हाला अनेकांनी विचारले. अभ्यास सचिव हे आमच्याकडे मिरवण्याचे पद नाही. आठवड्यातून दोनदा उदाहरणे सोडवण्याचा तास लावणे, जुन्या प्रश्नपत्रिका जमवणे, बी.एस्सी.च्या मुलांना कोणता भाग कळलेला नाही ते शोधून त्यावर कोणाला तरी उभे करणे, हे सगळे त्या एका व्यक्तीवर अवलंबून असते. नेट या प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षेत भौतिक विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत भाग ‘क’मधील ३० पैकी २० प्रश्न सोडवायचे असतात, प्रत्येकाला ५ गुण असतात आणि चुकलेल्या उत्तरामागे २५ टक्के गुण वजा होतात. तिथे वाचलेले पाठ असून भागत नाही, गणिते हाताखालून जावी लागतात, आणि ज्या वर्षी सचिव ढिला निघतो त्या वर्षी ती जात नाहीत. असे पद वरच्या वर्गातील मुलांच्या आणि मार्गदर्शकांच्या देखत हात वर करून भरले, की नव्याने आलेली मुले शेजारचा हात पाहून आपला हात वर करतात. मी स्वतः पहिल्या वर्षी तसाच हात वर केला होता आणि त्याचे वाईट मला आजही वाटते.

मंडळ हे २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाखालील विद्यार्थी परिषदेचा भाग नाही, त्यामुळे नियम आमचे आम्हीच करायचे होते. विद्यार्थी निवडणुकांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केलेल्या लिंगडोह समितीच्या शिफारशी आम्ही समोर ठेवल्या. उमेदवाराची किमान ७५ टक्के हजेरी, छापील फलकांना मनाई, हाताने लिहिलेले फलकच चालतील, आणि अर्ज भरण्यापासून निकालापर्यंतची सारी प्रक्रिया १० दिवसांच्या आत, एवढे नियम तिथून घेतले. खर्चाची ५,००० रुपयांची मर्यादा आम्हाला लागू करण्याची वेळच आली नाही. पुठ्ठा आणि रंगीत पेन यांपलीकडे कोणी खर्च केला नाही.

आता सेवेकडे वळते. पहिली आणि सर्वांत मोठी अडचण मतदारयादीची आली. ही सेवा प्रत्येक मतदाराच्या ईमेलवर त्याची स्वतंत्र लिंक पाठवते आणि एका ईमेलला एकच मत देते. प्रवेशाच्या वेळी नोंदवलेले ईमेल घेऊन मी यादी चढवली, तेव्हा ‘हा पत्ता आधीच यादीत आहे’ अशी सूचना येऊन काही नावे नाकारली गेली. शोध घेतला तेव्हा उलगडा झाला. मंगळवेढा, सांगोला, करमाळा या भागांतून आलेल्या काही मुलांनी प्रवेशअर्ज गावाकडच्या नेट कॅफेत भरले होते आणि कॅफेवाल्याने सगळ्यांच्या अर्जात स्वतःचाच ईमेल टाकला होता. काहींचा ईमेल वेगळा होता, पण तो कॅफेवाल्यानेच उघडलेला आणि त्याचा पासवर्ड मुलांना ठाऊकच नाही. यादी तशीच राहिली असती, तर तालुक्याच्या गावांतून येणारी आमची कितीतरी मुले मतदानाबाहेर राहिली असती, आणि एका कॅफेच्या संगणकावर कोणाची तरी मतपत्रिका उघडून पडली असती. दोन दिवस मी प्रत्येक वर्गात जाऊन, समोर बसवून, ज्याच्या त्याच्या मोबाइलवर चाचणीचा ईमेल पोहोचल्याची खातरजमा केली. सेवेत मोबाइलवर संदेश पाठवण्याची सोय आहे, परंतु तिचे पैसे वेगळे पडतात. यात सेवेचा दोष थोडा आहे, पण आपल्याकडे ही सेवा घेणाऱ्याने हे काम धरूनच चालावे.

दुसरी अडचण देवनागरीची आणि ती मात्र निखालस सेवेची. उमेदवाराच्या निवेदनाला ३०० अक्षरांची मर्यादा आहे. मराठीत आपण ‘भौतिकशास्त्र’ या शब्दाची पाच अक्षरे मोजतो. संगणक प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त वेगळा धरतो आणि त्याच शब्दाची बारा मोजतो. त्यामुळे मराठीत लिहिणाऱ्याला इंग्रजीत लिहिणाऱ्याच्या मानाने फारच कमी जागा मिळते. अभ्यास सचिव पदाच्या तीन उमेदवारांपैकी एक अक्कलकोटची होती. तिचे निवेदन ‘ज्यांना मराठीपेक्षा कन्नडमधून लवकर समजते त्यांच्यासाठी शनिवारी’ या शब्दांवर तुटले. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर या भागांतून येणाऱ्या मुलांसाठी तिच्या कार्यक्रमातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट नेमकी त्यापुढे होती. सेवेने शब्द अर्ध्यावर कापताना उमेदवाराला काही कळवलेही नाही. मी मतपत्रिकेचा नमुना उघडून पाहिला म्हणून लक्षात आले. शेवटी तिन्ही पदांच्या सर्व उमेदवारांकडून एकेका पानावर हस्ताक्षरात पूर्ण कार्यक्रम लिहून घेतला आणि ती पाने प्रयोगशाळेबाहेरच्या सूचनाफलकावर ओळीने लावली. मुले तिथे उभी राहून वाचत होती, एकमेकांना दाखवत होती आणि उमेदवार समोर दिसला की त्याला थांबवून प्रश्न विचारत होती. मतपत्रिकेवरच्या चार ओळींनी हे झाले नसते.

उमेदवारांचा क्रम प्रत्येक मतदाराला वेगवेगळा दिसावा अशी सोय सेवेत आहे. ती मुळात बंद असते, ती चालू करून घ्यावी. तसेच व्याख्यान सचिव पदासाठी एकच अर्ज आला होता आणि रीतीप्रमाणे तो उमेदवार बिनविरोध निवडून आला असता. आम्ही त्याच्या नावाखाली ‘पुन्हा अर्ज मागवावेत’ असा दुसरा पर्याय ठेवला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर मतदानयंत्रावर ‘नोटा’ आला, पण विधानसभेला किंवा लोकसभेला नोटाला कितीही मते पडली तरी निकाल बदलत नाही. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक संस्थांच्या निवडणुकांसाठी त्याला काल्पनिक उमेदवार मानून, त्याला सर्वाधिक मते पडल्यास फेरनिवडणूक घेण्याचा नियम केला. आम्ही हा दुसरा मार्ग धरला आणि सेवेत तो पर्याय उमेदवार म्हणून विनासायास घालता आला. आमच्या उमेदवाराला भरघोस मते मिळाली, आणि आता तो व्याख्याते बोलावताना ‘मला निवडून दिले आहे’ असे म्हणू शकतो.

मतदानाच्या दिवशी सकाळी ९ वाजता लिंक उघडेना. मी वेळ ९ ते ५ अशीच भरली होती, पण सेवेने ती जागतिक प्रमाणवेळ धरली होती. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे मतदान दुपारी २.३० ला सुरू होऊन रात्री १०.३० ला संपणार होते. प्रमाणवेळ निवडण्याचा रकाना दुसऱ्याच पानावर, खाली कोपऱ्यात आहे. दुरुस्ती करून मतदान सुरू व्हायला सव्वा तास गेला, तेवढाच वेळ संध्याकाळी वाढवून दिला आणि फलकावर तसे लिहिले. संध्याकाळच्या एसटीने गावी परतणाऱ्यांची मात्र यात तारांबळ उडाली आणि त्याबद्दल मी त्यांची वर्गात माफी मागितली.

मोजणी हा या सेवेचा सर्वांत भक्कम भाग आहे. आम्ही पसंतीक्रमाची पद्धत ठेवली होती. आपल्याकडे ही पद्धत पुणे पदवीधर मतदारसंघामुळे परिचयाची आहे, कारण सोलापूर जिल्हा त्या मतदारसंघात येतो आणि घरातल्या पदवीधरांनी मतपत्रिकेवर १, २, ३ असे आकडे लिहिलेले असतात. अभ्यास सचिव पदासाठी ६६ मते पडली. पहिल्या पसंतीची २७ मते बार्शीच्या उमेदवाराला, २१ अक्कलकोटच्या उमेदवाराला आणि १८ शहराच्या पूर्व भागातील उमेदवाराला मिळाली. कोणालाच निम्म्याहून अधिक मते नसल्यामुळे सर्वांत कमी मतांचा तिसरा उमेदवार बाद झाला आणि त्याच्या १८ मतपत्रिकांवरची दुसरी पसंती पाहिली. ११ अक्कलकोटकडे गेल्या, ३ बार्शीकडे, आणि ४ जणांनी दुसरी पसंती लिहिलीच नव्हती. अंतिम आकडे ३२ विरुद्ध ३० झाले आणि पहिल्या फेरीत मागे असलेली उमेदवार निवडून आली.

तेव्हा साहजिकच प्रश्न निघाला. ६६ मतांत बहुमतासाठी ३४ हवीत, आणि विजयी उमेदवाराला तर ३२ च आहेत. मग हा विजय कसा? सेवा बहुमत मोजताना संपलेल्या, म्हणजे पुढची पसंती न लिहिलेल्या, मतपत्रिका वगळते, म्हणजे ६२ पैकी ३२. ही गोष्ट निकालाच्या पानावर कुठेही सांगितलेली नाही. पदवीधर मतदारसंघाच्या मोजणीचे काम केलेल्या आमच्या एका सरांनी समजावून सांगितले, की तिथे कोटा, म्हणजे जिंकण्यासाठी लागणारी मते, एकूण वैध मतांच्या निम्म्याहून एकने जास्त असा ठरतो आणि तो बदलत नाही; पण कोणीच कोटा गाठला नाही, तर सर्वांत कमी मते असलेला एकेक उमेदवार बाद होत जातो आणि शेवटी उरलेला निवडून आल्याचे जाहीर होते. म्हणजे दोन्ही नियमांनी निकाल एकच येतो. तरीही हे आम्ही मतदानाआधी लिहून ठेवायला हवे होते. ती चूक माझी, आणि ज्यांना ही सेवा घ्यायची आहे त्यांनी नियमावलीत ही ओळ आधी लिहावी.

यापुढे जे झाले त्यासाठी मी सेवेला मनापासून चांगले गुण देते. नावे वगळून सर्व मतपत्रिका उतरवून घेण्याची सोय तिच्यात आहे, आणि प्रत्येक मतपत्रिकेवर एक सांकेतिक क्रमांक असतो, जो फक्त त्या मतदाराला मत दिल्यावर दिसतो. आम्ही ६६ मतपत्रिका छापून, कापून, प्रकाशिकीच्या प्रयोगशाळेतील टेबलावर तीन ढीग लावले. बार्शीच्या उमेदवाराने स्वतः तिसरा ढीग हातात घेऊन एकेक कागद वाचला आणि दुसऱ्या पसंतीप्रमाणे डावीकडे किंवा उजवीकडे ठेवला. चार कागद त्याने मध्येच, स्पेक्ट्रोमीटरच्या पायाशी, वेगळे ठेवले. एका पहिल्या वर्षाच्या मुलाने मोबाइलवर जपून ठेवलेला आपला क्रमांक शोधला, कागद उलटून पाहिला आणि ‘माझे मत बरोबर आहे’ एवढेच म्हणाला. तो ढीग डोळ्यांसमोर हलताना पाहिल्यावर कोणाचीही शंका उरली नाही. नुसत्या पडद्यावरच्या आकड्यांनी हे समाधान दिले नसते, म्हणून ही हातमोजणी कोणीही टाळू नये असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

गुप्ततेबाबत एक धोका आहे. निकाल वर्गनिहाय पाहण्याची सोय सेवा देते. आमच्याकडे संशोधक विद्यार्थी मोजकेच आहेत. त्या गटाचा निकाल वेगळा काढला, तर कोणी कोणाला मत दिले याचा अंदाज कोणालाही बांधता येईल. ती सोय मी मतदान सुरू होण्यापूर्वीच बंद केली. एकदा मतदान सुरू झाल्यावर ती बंद किंवा चालू करता येत नाही, ही चांगली गोष्ट आहे. कोणी मत दिले आणि कोणी नाही एवढे मात्र अधिकाऱ्याला दिसते आणि त्यावरून आठवण पाठवता येते.

निकालपत्र मराठीत नीट निघत नाही. छापलेल्या कागदावर ‘द्वितीय’मधला द सुटा पडतो आणि रफार भलत्याच अक्षरावर बसतो. तक्रार केल्यावर मदत कक्षाने एका दिवसात सौजन्याने उत्तर दिले, पण दुरुस्ती झालेली नाही, म्हणून निकालपत्र हाताने लिहून फलकावर लावले. पैसे भरतानाही यूपीआय चालत नाही, परदेशी व्यवहार करणारे कार्ड लागते, आणि आमच्यापैकी कोणाकडेच ते नसल्यामुळे एका मॅडमना विनंती करावी लागली. शुल्क मात्र आवाक्यातले आहे. व्याख्यानाच्या एका कार्यक्रमाच्या चहापाण्यात ते भागते.

ज्या मंडळात वीस-पंचवीस सभासद आहेत आणि सगळे रोज एका खोलीत भेटतात, त्यांनी ही सेवा घेऊ नये. पुठ्ठ्याची पेटी आणि कागदी मतपत्रिका त्यांना पुरेल. सभासद अनेक वर्गांत, वसतिगृहांत आणि गावांत विखुरलेले असतील, पसंतीक्रमाने मतदान घ्यायचे असेल आणि यादी तपासायला हाताशी दोन माणसे व तीन दिवस असतील, तर अवश्य घ्यावी. पुढच्या वर्षी आम्हीही हीच सेवा घेणार आहोत. त्यासाठी ईमेलची यादी प्रवेशाच्या आठवड्यातच, प्रत्येकाला समोर बसवून करायची असे ठरले आहे, आणि ते काम नव्या अभ्यास सचिवाने आपणहून अंगावर घेतले आहे. शनिवारचा कन्नडमधला तास तिने सुरूही केला आहे.