एकच रेकॉर्ड घ्यायची तर: 'प्रेट्झेल लॉजिक' की 'एजा'?

भाचीने पहिल्या पगारातून टर्नटेबल घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला. "मावशी, या महिन्यात स्टीली डॅनची एकच रेकॉर्ड परवडणार आहे. 'प्रेट्झेल लॉजिक' घेऊ की 'एजा'? लवकर सांग, दोन्ही कार्टमध्ये पडल्यात." ती लहानपणी पेटी शिकली, आता चौघी मैत्रिणींच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवते. फोनवर मी घाईघाईत काहीबाही सांगितलं. ते इथे नीट लिहिते, कारण या बँडच्या दाराशी येऊन कुठली पायरी आधी चढायची म्हणून थबकलेले बरेच जण मी पाहिलेत.

स्टीली डॅन हा अमेरिकन रॉक बँड म्हणजे मुळात दोनच माणसं. डॉनल्ड फेगन न्यू जर्सीचा, वॉल्टर बेकर न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला. १९६७ मध्ये बार्ड कॉलेजात दोघांची गाठ पडली. दोघंही पोरवयापासून जॅझवर पोसलेले. पुढे निर्माता गॅरी कॅट्झ यांच्यामुळे लॉस एंजेलिसला एबीसी रेकॉर्ड्समध्ये पगारी गीतकार म्हणून लागले. पण त्यांची गाणी कंपनीच्या बाकीच्या गायकांना झेपेनात, तेव्हा ती गायला-वाजवायला स्वतःचाच बँड उभा केला. १९७२ ते १९८० या काळात सात अल्बम आले. मग मोठी विश्रांती, १९९३ मध्ये पुन्हा मंचावर, २००० मध्ये 'टू अगेन्स्ट नेचर' आणि त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी. बेकर २०१७ मध्ये गेला.

या सगळ्या प्रवासात माझ्या लेखी एक महिना महत्त्वाचा आहे: जुलै १९७४. त्या महिन्यात सांता मोनिकाला कार्यक्रम झाला आणि त्यानंतर जवळपास दोन दशकं हा बँड लोकांसमोर वाजवायला उभाच राहिला नाही. भाचीने विचारलेल्या दोन रेकॉर्ड या महिन्याच्या अलीकडे आणि पलीकडे आहेत. 'प्रेट्झेल लॉजिक' फेब्रुवारी १९७४ ची, 'एजा' सप्टेंबर १९७७ ची. ('एजा'चा उच्चार इंग्रजीतल्या 'एशिया'सारखा करायचा.) पहिलीत जॅझ ही दुरून केलेली प्रीती आहे. दुसरीत ज्यांच्यावर प्रीती केली तेच लोक स्टुडिओत येऊन बसलेत. निवड करायची ती या दोन अवस्थांमधून.

'प्रेट्झेल लॉजिक' लावली की आधी लाकडी पट्ट्यांच्या, मॅरिम्बाच्या कुळातल्या एका वाद्यावर व्हिक्टर फेल्डमन थोडंसं काहीतरी वाजवतो. रेडिओसाठी काढलेल्या सिंगलमधून तो तुकडा कापला होता, म्हणून हे गाणं नुसतं रेडिओवर ऐकलेल्यांना तो माहीतच नसतो. मग 'रिकी डोन्ट लूज दॅट नंबर' सुरू होतं: खर्जात सा आणि प, एवढ्याच दोन सुरांवर डोलणारी चाल. ती पियानोवादक होरेस सिल्व्हर यांच्या 'साँग फॉर माय फादर'वरून आलेली आहे, आणि ते लपवायचा जराही प्रयत्न नाही. दाराच्या चौकटीला हात लावून आत शिरावं तसं ते गाणं होरेस सिल्व्हरना हात लावून आत शिरतं आणि लगेच स्वतःच्या वाटेला लागतं. अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते चौथ्या क्रमांकापर्यंत पोचलं.

पहिल्या बाजूच्या शेवटी तर थेट जॅझचा थोर रचनाकार ड्यूक एलिंग्टन. 'ईस्ट सेंट लुईस टूडल-ऊ' ही एलिंग्टन आणि बबर माइली यांची १९२६ ची रचना. माइली ट्रम्पेटच्या तोंडावर रबरी वाटी धरून तो गुरगुरता, माणसाच्या बोलण्यासारखा आवाज काढायचा. बेकरने तो गुरगुराट गिटारवर काढलाय, आणि ट्रॉम्बोनची ओळ जेफ बॅक्स्टरने पेडल स्टीलवर, म्हणजे आडव्या ठेवून वाजवायच्या पेडलवाल्या गिटारवर. १९७२ ते १९८० मधल्या सातही अल्बममध्ये दुसऱ्याची अख्खी रचना घेऊन वाजवली ती एवढीच. मी हा तुकडा डोळे मिटून ऐकते तेव्हा दोन विद्यार्थी गुरूची बंदिश आपल्या वाद्यावर बसवताहेत असं वाटतं: एकही जागा सुटू नये म्हणून जिवाचा आटापिटा, आणि सुटली नाही याचा आनंद. बाजू पालटली की 'पार्कर्स बँड', जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करला केलेला दंडवत, दोन ड्रमरच्या धडाक्यात.

अकरा गाणी, सगळी मिळून जेमतेम ३४ मिनिटं. हा या रेकॉर्डचा मोठा गुण. 'एनी मेजर ड्यूड विल टेल यू' हे खचलेल्या मित्राच्या पाठीवर हात ठेवणारं गाणं तीनेक मिनिटांत संपतं आणि दिवसभर सोबत राहतं. 'बॅरीटाउन' हे त्यांच्या कॉलेजशेजारच्या वस्तीचं नाव. शीर्षकगीत म्हणजे संथ ब्लूज, त्यात बेकरची स्वतःची गिटार आहे. पण खरं सांगायचं तर दुसरी बाजू मध्यावर पातळ होते. 'थ्रू विथ बझ' सुरू होतं-होतं तोच संपतं, आणि 'विथ अ गन' मला आजवर ओढून घेऊ शकलेलं नाही.

आता 'एजा'. इथे पहिल्या बाजूवर तीनच गाणी आहेत, दुसरीवर चार. सात गाण्यांसाठी सहा वेगवेगळे ड्रमर. हे ऐकून काहींना दचकायला होतं: मग बँड कुठला? पण हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्याला यात नवल वाटायला नको. गोव्याहून आलेले सेबॅस्टियन डिसोझांसारखे अरेंजर गाण्याचा स्वभाव पाहून वादक बोलवत, तेच इथे चाललंय. फरक एवढाच की बेकर आणि फेगन ते काम अमर्याद पैसा, अमर्याद वेळ आणि अमर्याद हट्ट घेऊन करत होते. 'पेग'मधल्या गिटारच्या काही सेकंदांच्या एकल तुकड्यासाठी त्यांनी एकामागून एक नावाजलेले वादक बोलावले, वाजवून घेतलं आणि बाद केलं. शेवटी जे ग्रेडनचा तुकडा ठेवला. तो ऐकला की बाकीचे का बाद झाले ते कळतं. त्यात पट्टीचा रॉकवाला आहे, हवाईयन गिटारची घसरगुंडी आहे, आणि दोन्ही एका श्वासात.

'पेग'चीच आणखी एक गोष्ट. बेस वाजवणाऱ्या चक रेनी यांना सांगितलं होतं की तारेवर अंगठा आपटून वाजवायचं नाही, त्या काळी त्या शैलीचा सुकाळ झाला होता. रेनींना मात्र ध्रुवपदात तेच हवं होतं. त्यांनी पाठ फिरवली, मधे पडद्यासारखी आडोशाची पाटी ओढली आणि दिसणार नाही अशा बेताने तसंच वाजवलं. ते राहिलं. आता गाणं लावा आणि ध्रुवपद आलं की खाली कान द्या. ती उसळी म्हणजेच तो आडोशामागचा अंगठा.

भाचीला मी फोनवर एक प्रयोग करायला सांगितला होता, तो पेटी असलेल्या कुणालाही जमेल. सा-ग-प एकत्र दाबा. झाला साधा मेजर कॉर्ड, प्रार्थनेसारखा स्वच्छ. आता त्यात ग च्या अगदी शेजारचा रे मिसळा. गोडवा तसाच राहतो, पण त्याला एक बारीकशी कळ लागते. बेकर-फेगननी या कॉर्डला 'म्यू मेजर' असं नाव दिलं होतं आणि तो त्यांच्या गाण्यांत जागोजागी सापडतो. त्यांचं जॅझ मला इथे दिसतं. सॅक्सोफोन आला म्हणून गाणं जॅझ होत नाही, एका सुराला शेजारी कोण बसवला यावर ते ठरतं. 'पेग'मध्ये मागे गाणाऱ्या मायकल मॅकडॉनल्डलाही असेच एकमेकांना चिकटलेले सूर एकेक करून गावे लागले. स्वतःच गायलेला शेजारचा सूर कानात वाजत असताना आपला सूर धरून ठेवणं किती अवघड, हे कोरसमध्ये उभं राहिलेल्यांना सांगायला नको.

शीर्षकगीत आठेक मिनिटांचं आहे. त्याच्या मध्यावर वेन शॉर्टरचा टेनर सॅक्सोफोन येतो. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या पंचकातला, नंतर 'वेदर रिपोर्ट' हा बँड उभारणारा शॉर्टर. खाली स्टीव्ह गॅड ड्रम वाजवतोय. शॉर्टर घाई करत नाही, लांब सूर धरतो, थांबतो. त्या थांबलेल्या जागेत गॅड बोलतो. मग शॉर्टर वर चढतो आणि गॅडची बरसात सुरू होते. गाण्याच्या अगदी शेवटी तर मंद होत जाणाऱ्या सुरांखाली तो एकटाच मोकळा सुटतो. इतक्या घासूनपुसून केलेल्या अल्बमच्या मधोमध दोन माणसं त्या क्षणी जे सुचेल ते वाजवताहेत. मी ही जागा किती वेळा ऐकली असेल याची मोजदाद नाही, आणि अजूनही तिथे हातातलं काम थांबतं.

त्यानंतरचं 'डीकन ब्लूज' हे उपनगरात अडकलेल्या एका माणसाचं स्वप्न आहे: सॅक्सोफोन शिकीन, मनात येईल ते वाजवीन, हरलेल्यांचंही एक नाव असू दे. त्यात पीट क्रिस्टलीबने सॅक्सोफोन वाजवला. जॉनी कार्सनच्या 'टुनाइट शो'च्या वाद्यवृंदातला हा माणूस, त्यांनी टीव्हीवर ऐकला आणि बोलावून घेतला. गाण्यातल्या माणसाला जे कधीच वाजवता येणार नाही, ते क्रिस्टलीब त्याच्यासाठी वाजवून जातो. 'प्रेट्झेल लॉजिक'मध्ये पार्करविषयी गाणारे हेच दोघं तीन वर्षांनी या ठिकाणी पोचले, हे मला त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात हृद्य वळण वाटतं.

दुसऱ्या बाजूवरचं 'होम अ‍ॅट लास्ट' बर्नार्ड पर्डीच्या ठेक्यासाठी ऐका. प्रत्येक मात्रेचे तीन भाग, त्यातल्या मधल्या भागावर इतका हलका फटका की तो ऐकू येण्याऐवजी जाणवतो. 'आय गॉट द न्यूज' मला या सातांत सर्वांत कमी आवडतं, पण 'विथ अ गन'सारखं वगळावंसं वाटत नाही. ध्वनिमुद्रणासाठी 'एजा'ला ग्रॅमी मिळालं आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१० च्या यादीत जतन करायच्या ध्वनिमुद्रणांमध्ये तिला घेतलं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात, कारण दुकानात त्याही समोर येतील. गिटारसाठीच जीव टाकणारे असाल तर या दोन्ही रेकॉर्ड बाजूला ठेवा आणि १९७६ ची 'द रॉयल स्कॅम' घ्या, 'किड शार्लमेन'मधल्या लॅरी कार्लटनसाठी. 'केटी लाइड'ची (१९७५) गाणी उत्तम आहेत, पण टेपवरची खरखर कमी करणाऱ्या यंत्रातल्या बिघाडाने मुद्रण खराब झालं याचं दुःख त्या दोघांना कायम राहिलं. 'गाऊचो' (१९८०) आणखी गुळगुळीत, आणखी एकाकी. ती बनताना बेकरचा पाय गाडीखाली मोडला, जवळपास पूर्ण झालेलं एक गाणं साहाय्यकाच्या हातून बरंचसं पुसलं गेलं, आणि शीर्षकगीताच्या सहरचनाकारांत पुढे जॅझ पियानोवादक कीथ जॅरेटचं नाव घालावं लागलं. ती तिसरी किंवा चौथी घ्यावी. पहिली घेतलीत तर हे लोक थंड आहेत असा गैरसमज होईल.

आता तिचा प्रश्न. बँडमध्ये बसवायला गाणी हवी असतील तर 'प्रेट्झेल लॉजिक'. चार जणींना एका खोलीत 'रिकी' किंवा 'एनी मेजर ड्यूड' खरोखर उभं करता येईल. 'एजा'चं शीर्षकगीत चौघींनी बसवायला घेतलं तर वर्ष जाईल. ज्यांना गाणं चटकन गुणगुणता यायला हवं, ज्यांच्या घरात जॅझचं नाव काढलं की लोक उठून जातात, त्यांनीही हीच घ्यावी.

पण तिने गाणी मागितली नव्हती, रेकॉर्ड मागितली होती. अकरा छोटी गाणी फोनवरही तितकीच गोड लागतात, मधलं एखादं टाळता येतं. 'एजा'ची पहिली बाजू मात्र टाळता येण्यासारखी नाही. 'ब्लॅक काऊ', शीर्षकगीत, 'डीकन ब्लूज', असे वीसेक मिनिटं खुर्चीतून न उठता ऐकायचे तीन अंक आहेत. टर्नटेबल घेतलं ते अशाच बसण्यासाठी. म्हणून मी 'एजा' म्हणाले, आणि 'प्रेट्झेल लॉजिक' तोवर फोनवर ऐक असंही. दोन्हीच्या नव्या आवृत्त्या २०२३ मध्ये निघाल्या आहेत, त्यामुळे जुन्या, घासलेल्या प्रतीसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. जुनीच घ्यायची असेल तर दुकानदाराला शीर्षकगीताचा शेवट लावून दाखवायला सांगावं. तिथे आवाज कमी कमी होत जातो, खरखर असली तर तिथेच उघडी पडते.

परवा रात्री तिचा आवाजी निरोप आला. बोलणं काहीच नव्हतं. पेटीवर सा-ग-प, थोडं थांबून त्यात रे, आणि मागे खोलीत गॅडचे ड्रम.