काळ्या ग्रॅनाइटचा ओटा: दोन वर्षं रोज वापरल्यावर

नेरुळला आमचं सिडकोचं जुनं घर आहे, चौथा मजला, लिफ्ट नाही. ओटा पहिल्यापासून कडप्प्याचा. कडप्पा वाईट नाही, आमच्याकडे त्याने पंचवीस-एक वर्षं काढली, पण सिंकच्या आजूबाजूला त्याचे पापुद्रे सुटायला लागले होते, खालच्या ट्रॉलीचं प्लाय फुगलं होतं आणि एक दिवस ओटा पुसताना सासूबाईंच्या बोटात कपची घुसली. त्या दिवशी ठरलं, आता बदलायचाच. मग चार महिने मी नुसती फिरत होते, तुर्भ्याची दुकानं, ठाण्यात घोडबंदर रोडची दुकानं, नात्यातल्या-ओळखीतल्या सगळ्यांची स्वयंपाकघरं, आणि जाईन तिथे नवीन सल्ला. आता जेट ब्लॅक ग्रॅनाइट बसून दोन वर्षं झाली म्हणून सविस्तर लिहितेय, कारण मी शोधत होते तेव्हा "मस्त दिसतो, घ्या" याच्यापलीकडे फारसं काही हाती लागलं नव्हतं.

कुठला दगड चांगला हे विचारायच्या आधी आपल्या ओट्यावर दिवसभर काय काय होतं ते बघा. आमच्याकडे सकाळी भाकरी असते, तवा उतरवला की तो सरळ ओट्यावरच टेकतो. सोलकढीचं आगळ सांडतं, पिळलेल्या लिंबाची साल तासभर तशीच पडून राहते, हळदीचं तर विचारूच नका. भरलेला पाच लिटरचा कुकर घाईत दणकन ठेवला जातो. आणि सासूबाई आयुष्यभर नारळ ओट्याच्या कडेवर फोडत आल्यात, ती सवय या वयात मोडायला सांगणं मला बरं वाटलं नाही. हे सगळं जो सोसेल तो दगड हवा होता, दिसायला कसा ते नंतर.

मार्बल तिथेच बाद झाला. तो चुन्याच्या जातीचा, आंबट लागलं की चमक जाते आणि परत पॉलिश केल्याशिवाय येत नाही. कडप्पासुद्धा चुनखडीच, म्हणून आमच्या जुन्या ओट्यावर पांढरट गोल गोल दिसायचे आणि मी ते वर्षानुवर्षं डाग समजून घासत होते, पण ते डाग नव्हतेच, तेवढा दगड आंबटाने खाल्लेला होता.

नॅनो व्हाइट, म्हणजे कारखान्यात बनणारा पांढरा स्लॅब, माझ्या जावेकडे आहे, कोलशेतला. शुभ्र, सुंदर, काही शोषत नाही, हळद पुसली की गेली. पण ती एक प्रकारची काचच आहे, आणि तिच्या हॉबच्या (ओट्यात बसवलेल्या गॅसच्या) कटआउटच्या कोपऱ्यातून केसाएवढा तडा गेलाय. काळ्या दगडात असं झालं तर आराल्डाइटमध्ये काळा रंग कालवून लपवता येतं, त्या शुभ्र पांढऱ्यावर ती रेघ रोज दिसते.

क्वार्ट्झवर मात्र माझा जीव जडला होता, खोटं कशाला बोलू. हलका करडा, बारीक रेषा असलेला, आणि क्वार्ट्झ खनिजाचा कडकपणा मोह्जच्या 1 ते 10 च्या स्केलवर 7, मार्बलचा साधारण 3. पण तो अख्खा दगड नसतो, नव्वद टक्क्यांच्या आसपास क्वार्ट्झचा चुरा आणि बाकी तो धरून ठेवणारं रेझिन, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच, आणि उष्णता लागते ती त्या रेझिनला. साधारण 150 डिग्रीच्या पुढे ते पिवळं पडू शकतं, चिरू शकतं. पुऱ्यांचं तेलच 180 च्या आसपास असतं, भाकरीचा तवा तर त्याच्याही वर. दुकानदार म्हणाला, "काही होत नाही ताई, बिनधास्त ठेवा." मी म्हटलं, मग बिलावर लिहून द्या की गरम भांड्याने डाग पडला तर बदलून देऊ. तेव्हा त्यांनी वॉरंटीचं कार्ड काढलं आणि त्यात गरम भांड्याने झालेलं नुकसान वॉरंटीत नाही हे स्वच्छ छापलेलं होतं. ज्यांच्याकडे स्वयंपाक कमी आहे किंवा स्टँड वापरायची शिस्त आहे त्यांनी क्वार्ट्झ जरूर घ्यावा, त्याला सीलर (दगडाने डाग शोषू नये म्हणून मारायचं द्रावण) लागत नाही, साफ करायला सोपा. आमच्या घरात तो टिकला नसता.

क्वार्ट्झबद्दल अजून एक, जे मला दुकानात कोणीच सांगितलं नाही. तो कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका प्रचंड असते आणि ती फुप्फुसात बसून सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही. ऑस्ट्रेलियाने तर 1 जुलै 2024 पासून या बनवलेल्या दगडावर बंदीच आणली, तिथले कापणारे तरुण कारागीर आजारी पडायला लागले म्हणून. ग्रॅनाइटच्या धुळीतही सिलिका असतेच, कमी असते इतकंच. तेव्हा कुठलाही दगड घ्या, कटिंग पाणी सोडूनच करायचं आणि मिस्त्रीच्या तोंडाला चांगला मास्क हवा, हे कामाच्या आधी बोलून घ्या. मास्क मी स्वतः आणून दिले. आपल्या घरासाठी तो माणूस धूळ खातोय, एवढं आपण करायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

शेवटी ग्रॅनाइट. जेट ब्लॅकला बाजारात ग्रॅनाइट म्हणतात, पण भूशास्त्राच्या हिशेबाने हे काळे दगड बहुतेक वेळा डोलेराइट किंवा गॅब्रो निघतात, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या बसॉल्टचे जवळचे नातेवाईक. पारसिकच्या डोंगरातून खडी निघायची तो बसॉल्टच, आणि आपला पाटा-वरवंटाही त्याचाच. हे कळल्यावर सासूबाई एकदम खूश, म्हणाल्या "मग हाच घ्या, पाटा कधी खराब झालेला बघितलाय का?" दगड घट्ट, कण बारीक, त्यामुळे तेल-पाणी फार कमी शोषतो. फिक्या रंगाचा ग्रॅनाइट त्यामानाने जास्त शोषतो, त्याला सीलर मारावा लागतो आणि काही वर्षांनी परत मारावा लागतो.

आता नीट वाचा, कारण इथे मी फसता फसता वाचले. काळा म्हणून विकला जाणारा प्रत्येक दगड काळा नसतो. करड्या दगडाला रंग आणि तेल देऊन काळा करतात, नवीन असताना फरक कळत नाही आणि वर्षभरात लिंबू-साबणाने तो ठिकठिकाणी करडा पडतो. मी दोन दुकानांतून हातभर तुकडे मागून आणले (द्यायला नाही म्हणाले तर तिथे घेऊच नका). नेलपॉलिश रिमूव्हर कापसावर घेऊन जोरात घासलं, एका तुकड्याचा कापूस काजळासारखा काळा झाला आणि दुसऱ्याचा पांढराच राहिला. ज्याचा काळा झाला तो दर स्क्वेअर फुटाला 70 रुपयांनी स्वस्त होता, आणि नवऱ्याने तोच जवळजवळ फायनल केला होता. उरलेल्या तुकड्यावर मग तीन दिवस प्रयोग केले, रात्रभर तेलाचा थेंब, आगळ, ओली हळद, लिंबाची फोड उलटी ठेवून, आणि शेवटी तापलेला तवा. सकाळी ओल्या फडक्याने सगळं निघालं.

स्लॅब निवडायला स्वतः जा, फोटोवर जाऊ नका. आख्ख्या स्लॅबवर पाणी ओतायचं आणि वाळताना बघत थांबायचं, तडा असेल तर तिथली रेघ सगळ्यात शेवटी वाळते. नाण्याने ठोकून पण बघा, चांगला दगड टणटण वाजतो, आतून चिरलेला भद्द वाजतो. जाडी पट्टीने मोजा. आम्हाला 18 एमएम सांगितलेल्या स्लॅबांपैकी एक 15 चाच निघाला, तो परत पाठवला.

पण खरं सांगू का, दगड कितीही चांगला आणा, ओटा टिकतो तो फिटिंगवर. आमची भिंत 11 फूट, स्लॅब 9 फुटी, म्हणजे जॉइंट येणारच. मिस्त्रीला तो सिंकच्या मध्यावर घ्यायचा होता, कारण त्यात दगड वाया जात नाही. मी अडून बसले. जिथे दिवसभर पाणी तिथे जॉइंट का म्हणून? तो सिंक आणि गॅसच्या मधल्या कोरड्या भागात घेतला, दोन फूट दगड जास्त गेला, चालेल. सिंकच्या पुढची पट्टी निदान तीन इंच ठेवायला लावा, तो सगळ्यात नाजूक भाग, जिन्यातून चढवतानाच मोडतो. स्लॅब नेताना उभा धरायचा, आडवा धरला की स्वतःच्या वजनाने तडकतो. आमचे चार मजले, हमाली मजल्याप्रमाणे आधीच ठरवली होती म्हणून वाद झाला नाही.

अजून दोन गोष्टी मागून करून घ्या, आपणहून फारसं कोणी करत नाही. एक म्हणजे पुढच्या कडेच्या खालून बारीक खाच, म्हणजे कडेवरून ओघळलेलं पाणी खाचेपाशी तुटून खाली पडतं, आत ट्रॉलीकडे जात नाही. आमचं जुनं प्लाय फुगलं होतं ते याच पाण्याने. दुसरं, डॅडोची म्हणजे ओट्यामागच्या भिंतीची टाइल दगडाच्या वर बसली पाहिजे, मागे नाही, नाहीतर भिंतीच्या फटीतून पाणी आत मुरत राहतं आणि खालच्या मजल्यावरचे लोक छताचा डाग दाखवायला वर येतात. उंची 33 इंच ठेवली, सासूबाई आणि मी दोघींना लाटणं धरायला उभं करून ठरवली.

खर्च सांगते. वेस्टेज धरून 40 स्क्वेअर फूट, 260 रुपयांनी 10,400. फिटिंग, सिंकचा कट आणि कडेचं हाफ राउंड मोल्डिंग मिळून 13,500, हमाली 2,400. क्वार्ट्झचं कोटेशन याच्या दुपटीच्या वर होतं.

दोन वर्षांनी काय झालंय तर डाग एकही नाही, गॅसजवळची चमक पहिल्यासारखीच आहे. सिंकच्या कडेला एक तांदळाएवढी कपची उडाली, कुकरचं बूड आपटून, मिस्त्री येऊन भरून गेला, बोट फिरवलं तरच कळते. नारळ अजूनही त्याच कडेवर फुटतो पण मोल्डिंग गोल असल्याने तिथे काही झालेलं नाही, टोकदार कड असती तर नक्की उडाली असती. वाईट काय ते पण सांगते, काळ्यावर पाण्याचे वाळलेले थेंब आणि पिठाचा कण न् कण दिसतो, दिवसातून दोनदा कोरडं फडकं फिरवावं लागतं. आणि स्वयंपाकघर आधीच अंधारं असेल तर काळ्याने अजून अंधारतं, आम्हाला कपाटाखाली एलईडी पट्टी लावावी लागली. साफसफाईला भांड्यांचा साबण पुरतो, अ‍ॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर चुकूनही लावू नका.

आणि सिंकसाठी कापलेला तुकडा मिस्त्रीकडून मागून घ्या, त्याचे पैसे तुम्हीच दिलेले असतात. आमच्याकडे तो न्यायला निघाले होते, सासूबाईंनी जिन्यातून परत आणवला, कडा घासून घेतल्या. होळीला पुरणपोळ्या आता त्याच्यावरच लाटतो, गार दगडावर पोळी चिकटत नाही.