बेप्पूची बांबूची रोवळी: सात-आठ महिने रोज वापरल्यानंतर

आम्ही जपानात फुकुओकाला राहतो, तिथून बेप्पू एक्स्प्रेसने दोनेक तासांवर, गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. गेल्या थंडीत तिथून तांदूळ धुवायची रोवळी आणली, हिरव्या बांबूची, गोझामे विणीची म्हणजे उभ्या काड्यांमधून बारीक कामट्या अगदी दाबून दाबून विणलेली. साडेसहा हजार येन पडले. शंभर येनच्या दुकानात चाळणी मिळत असताना एवढे कशाला, यावर घरात बरंच बोलून झालं, पण आता नवराही तीच काढतो.

तांदूळ अजिबात अडकत नाहीत हो! तारेच्या चाळणीत दाणे रुतून बसतात, तुटतात. इथे कामटीची सालीकडची गुळगुळीत बाजू मुद्दाम आत ठेवलेली असते, त्यामुळे उलटी करून एक टप्पल मारली की सगळं खाली. आणि पोहे! पाणी इतकं पटकन निथळतं की पोहे एकदम सुटे होतात, गोळा होतच नाही. आजीकडे रोवळी होती, बुरूडआळीतली, तिचे पोहे तसे का व्हायचे ते आत्ता कळतंय.

हात फिरवून बघा, कुठेही कूस लागत नाही. बेप्पूच्या बांबू म्युझियममध्ये याचं कारण कळलं, कामटी दोन पात्यांच्या मधून ओढून सगळ्या एकसारख्या रुंदीच्या करतात, मग जाडी तासतात, मग कडांची धार मारतात, म्हणजे विणायला बसायच्या आधीच निम्म्याहून जास्त काम झालेलं असतं आणि माझ्या मते पैसे त्याचेच आहेत. बांबू मादाके जातीचा, बेप्पू ज्यात येतं त्या ओइता प्रिफेक्चरमध्ये (प्रांतात) भरपूर होतो. बांबूकामात जपानचे पहिले 'लिव्हिंग नॅशनल ट्रेझर' (थोर कारागिरांना सरकार देतं तो मान) शोनो शोउन्साई याच गावचे, त्यांना तो 1967 मध्ये मिळाला. त्यांच्या कलाकृती काचेआड असतात, पण मला स्वयंपाकघरातलं हे कामही तेवढंच मोठं वाटतं, मनापासून.

रंग हिरव्याचा आधी फिका गवती झाला, आता कडेकडेने मधासारखा होतोय. सुंदर दिसतो.

आता त्रासाचं. जूनच्या पावसात बुरशीची भीती असते, धुतली की ब्रश मारून सावलीत वाऱ्यावर टांगायचीच, बंद कपाटात नाही, कडक उन्हातही नाही (तडकते), डिशवॉशर तर विसराच. हळदीचा डाग जात नाही म्हणून वरणाची डाळ मी त्यात उपसत नाही. जागाही खाते. रोज धुऊन वाळवायचा कंटाळा असेल तर घेऊच नका, वाया जाईल.

घेताना काठ नीट बघा, वेताने बांधलेला असतो आणि सैल व्हायला सुरुवात तिथूनच होते. दुरुस्त करून देणार का, हे पैसे द्यायच्या आधी विचारा. मी घेतली ते काका हो म्हणाले, म्हणून त्यांच्याकडूनच घेतली.