पहिलीच गाडी, तीही जुनी युरोपियन: चौदा महिन्यांनंतर

गाडी 2013 ची, पेट्रोल, मॅन्युअल, हॅचबॅक, दुसऱ्या मालकाकडून घेतलेली. घेतली तेव्हा 71,000 किलोमीटर झाले होते, आज 82,600. किंमत 2 लाख 35 हजार. कंपनी युरोपातली एवढंच सांगते. नाव घेतलं की माणसं गाडी सोडून बॅजवर बोलायला लागतात. मी साताऱ्यात राहते, कामासाठी आठवड्यातून दोनदा वाईला जाते आणि महिन्याला एखादी पुण्याची फेरी होते. याआधी माझ्या नावावर फक्त एक अ‍ॅक्टिव्हा होती.

तेवढ्याच पैशात स्विफ्ट बघितली होती. ती तीन वर्षं जास्त जुनी आणि तिसऱ्या मालकाकडची निघाली. ही मात्र टॉप मॉडेल, दोन एअरबॅग, आणि जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारं एबीएस. हे सगळं आपल्याकडे नव्या गाड्यांना बंधनकारक झालं ते 2019 पासून पुढे, त्यामुळे 2013 च्या गाडीत दिसल्यावर हुरळून गेले. आणि खरं सांगायचं तर दाराने मला पटवलं. लावलं की ‘धप्प’ असा आवाज, पत्र्याचा नाही, गोदरेजच्या कपाटाचा. हायवेला शंभरावर गाडी रस्त्याला चिकटून बसते, वाऱ्याने हलत नाही. ही सुखं खरी आहेत, चौदा महिन्यांत कमी झालेली नाहीत.

आता बाकीचं.

ड्रायव्हिंग स्कूलच्या मारुतीत इंडिकेटरची दांडी उजवीकडे होती. युरोपियन गाड्यांत ती डावीकडे. पहिला आठवडाभर पोवई नाक्यावर वळताना मी भर उन्हात वायपर चालू करत होते. कोरड्या काचेवर रबर कुरकुरतंय, मागचा रिक्षावाला हॉर्न देतोय, आणि मी कुठे वळणार हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. हे आठवडाभरात जमतं.

जमत नाही ते दुसरंच. पहिली गाडी असलेल्या माणसाला कान नसतो. कुठला आवाज गाडीचा नेहमीचा आणि कुठला बिघाडाचा, हे कळायला आधी दुसरी कुठली तरी गाडी वापरलेली लागते. जुन्या गाडीत रोज काहीतरी वाजतच असतं. मला सगळेच आवाज सारखे वाटायचे, म्हणून एकतर सगळ्याला घाबरायचं नाहीतर कशालाच नाही. मी दुसरा मार्ग धरला होता. स्पीडब्रेकरवरून डावीकडे ‘टक’ असं वाजायचं, मला वाटायचं डिकीत काहीतरी सुटं असेल. माझे वडील एसटीत चालक होते. एकदा शेजारी बसले आणि गल्लीच्या तोंडाशीच म्हणाले, “अगं, डिकी नव्हं, पुढचा बॉल जॉइंट गेलाय.” पुढच्या चाकाला धरून ठेवणारे लोअर आर्म आणि लिंक रॉड दोन्ही खराब निघाले. 9,400 रुपये.

साताऱ्यातल्या पहिल्या दोन गॅरेजवाल्यांनी बॉनेट उघडून पुन्हा लावलं. “ताई, ह्याला आमच्याकडं स्कॅनर नाही, पुण्याला न्या.” स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाड वाचणारं यंत्र. पुणं एकशेदहा किलोमीटर. दर वेळी सुट्टी टाकून कोण जाणार? शेवटी गोडोलीत एक मिस्त्री मिळाले, पूर्वी एका शोरूमच्या वर्कशॉपात कामाला होते, स्वतःचा स्कॅनर बाळगून आहेत. ते मिळाले नसते तर मी गाडी पाचव्या महिन्यातच विकली असती. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, टायमिंग बेल्ट कधी बदललाय? आधीच्या मालकाकडे बिल नव्हतं. इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा तो पट्टा रबराचा, नुसत्या किलोमीटरवर नाही तर वयावरही जातो, आणि चालू गाडीत तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. मग इंजिनच खोलावं लागतं. बिल नाही म्हणजे बदललेला नाही असं धरायचं, हा त्यांचा नियम. वॉटर पंपासकट 18,500. तोवर मी तोच पट्टा घेऊन कित्येक महिने हायवेला फिरत होते.

कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, प्रकरण एप्रिलमधलं. पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढाला डॅशबोर्डवर लाल दिवा लागला, लाटांवर थर्मामीटर तरंगतोय असं चित्र. मला ते चित्र माहीतच नव्हतं. वडील शेजारी होते. म्हणाले, एसी बंद कर, हीटर फुल्ल सोड, जागा दिसली की कडेला घे. एप्रिलच्या दुपारी हीटर! पण इंजिनाची उष्णता आत ओढून घ्यायची ती युक्ती आहे, काटा खाली आला. पाऊण तास टोपणाला हात लावू दिला नाही. कूलंटची टाकी रिकामी होती आणि थर्मोस्टॅटच्या प्लॅस्टिकच्या हाउसिंगखाली गुलाबी, वाळलेले ओघळ. म्हणजे गळती बरेच दिवसांची, मी बॉनेट उघडतच नव्हते. पिण्याच्या पाण्याची बाटली ओतली, घाट संपवून पुढचा उतार धरला आणि हळूहळू घर गाठलं. पार्ट साताऱ्यात नव्हता. पुण्याच्या नाना पेठेतून एसटीच्या पार्सलने आला, दोन दिवस गाडी उभी. 6,900. पार्टसाठी एक शिकले: बॉश, वालेओ, साक्स असे पुरवठादार गाड्यांच्या कंपन्यांना जे बनवून देतात ते त्यांच्या स्वतःच्या खोक्यातही मिळतं, आणि पुष्कळदा बरंच स्वस्त पडतं.

पाचवडला पंक्चर झाली तेव्हा वेगळीच गंमत. पोराने चाक काढलं, स्टेपनी उचलली आणि थांबला. “स्टड कुठायत?” आपल्या नेहमीच्या गाड्यांना हबवर स्टड असतात, चाक त्यावर टांगायचं आणि नट आवळायचे. हिला स्टड नाहीत, बोल्ट आहेत. चाक हातात धरून भोकं जुळवायची आणि मग बोल्ट घालायचा. पावसात दोघांनी मिळून तिसऱ्या प्रयत्नात जमवलं. तेव्हाच त्याने टायरवरचा आकडा दाखवला, 3116. म्हणजे 2016 सालचा एकतिसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक होती म्हणून मी खूश होते. पण इतके जुने टायर ठेवायचे नाहीत म्हणून चारही बदलले, 17,600.

हिशेब मांडते. बॅटरी 5,200 आणि एक पूर्ण सर्व्हिस 8,400 धरून चौदा महिन्यांत 66,000 गेले. यातले टायर, बॅटरी, सर्व्हिस कुठल्याही जुन्या गाडीला लागलेच असते, ते 31,200. उरले 34,800, त्यांना मी युरोपियनपणाचा कर म्हणते. मिस्त्रींच्या मते स्विफ्टला हीच कामं निम्म्यात झाली असती, आणि कुठल्याही गावात. मायलेज गावात 12-13, हायवेला 17. पेट्रोल आता ई20, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं आहे आणि गाडी त्याच्या फार आधीची, म्हणून इंधनाचे रबरी पाइप सर्व्हिसला तपासून घेते. अजून काही झालेलं नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सही घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. विम्याची पॉलिसी 14 दिवसांत आपल्या नावावर करा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दलची सूट, त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे फरक भरावा लागतो. आणि माझी चूक म्हणजे नोंदणीची मुदत मोजली नाही. पंधरा वर्षं 2028 मध्ये संपतात. मग फिटनेस, फेरनोंदणीची फी, वर पर्यावरण कर. पाच वर्षं वापरू म्हणून घेतलेली गाडी खरं तर तेव्हाच पुन्हा हिशेबाला येणार.

घ्यावी का? ओळखीतला, त्या गाडीचं काम केलेला मिस्त्री तासाभराच्या अंतरात असेल आणि किमतीच्या पाव हिस्सा रक्कम बाजूला ठेवता येत असेल, तर घ्या. रोज त्याच गाडीने वेळेवर कामावर पोहोचायचं असेल तर नको. माझं वाईचं काम एसटीनेही होतं म्हणून निभावलं. वडिलांना विचारलं तर ते हसतात. त्यांच्या तरुणपणी गाडी म्हणजे फियाटच, कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी, मूळची इटलीची. तेव्हा कुणी पहिली गाडी युरोपियन घ्यावी का असं विचारत नव्हतं, कारण गल्लीतला प्रत्येक मिस्त्री ती डोळे मिटून खोलायचा.

आत्तेभावाला माझ्यासारखीच एक मिळतेय, 2014 ची. दोनदा बघून आला, दोन्ही वेळा मालकाने गाडी आधीच चालू करून ठेवलेली. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना जे वाजतं ते त्याने ऐकलेलंच नाही. रविवारी सकाळी सातला तो मालकासह गाडी घेऊन आमच्याकडे येणार होता, मी सांगितलं, आणू नकोस, आम्हीच येतो त्यांच्या दारात, आणि तोवर किल्लीला हात लावायचा नाही. वडील पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेवतील. गरम लागलं तर चहा न घेता परत निघतील.