आई झोपलेल्या खोलीत गेमिंग पीसी: सात महिन्यांचा अनुभव

जून २०२५ मध्ये मी माझा पहिला पीसी स्वतः सुटे भाग घेऊन जोडला. हे लिहितेय तेव्हा जानेवारी २०२६ संपत आलाय. पावसाळा, ऑक्टोबरचा उकाडा आणि दिवाळीची धूळ एवढं सगळं त्याने पाहून झालंय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

आधी घर सांगते, कारण माझी निम्मी निवड घराने केली. विक्रोळीला कन्नमवार नगरमध्ये आमची जुनी वन रूम किचन. हॉलच्या एका भिंतीला माझं टेबल, आणि त्यापासून पाच फुटांवर आई-बाबांचं अंथरूण. बाबांची पहाटेची ड्युटी, म्हणून दहाला दिवा बंद. मी कामावरून येऊन, जेवून मोकळी होते ती साडेनऊला. म्हणजे माझ्या खेळाची वेळ आणि त्यांच्या झोपेची वेळ एकच. एसी नाही. फ्रेम रेटचे (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचे) तक्ते मी महिनाभर पाहिले, पण शेवटी प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारला: हा रात्री अकरा वाजता या खोलीत चालेल का?

मॉनिटर सोडून बजेट एक लाख. घेतलं ते असं: एएमडी रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मायक्रो एटीएक्स (लहान आकाराचा) मदरबोर्ड, डीडीआर५ ६००० वेगाची ३२ जीबी रॅम, साठवणीला १ टीबीचा एनव्हीएमई एसएसडी, ६५० वॅटचा गोल्ड रेटिंगचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज देणारा डबा) आणि एएमडीचंच ग्राफिक्स कार्ड, रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबीवालं. मॉनिटर वेगळ्या पैशांतून: २७ इंची, १४४० पी (चित्राची बारीकी), १८० हर्ट्झ (सेकंदाला १८० वेळा चित्र बदलणारा).

खरेदी लॅमिंग्टन रोडवर. विक्रोळीहून दादर, तिथे गाडी बदलून वेस्टर्नची स्लो पकडायची, कारण फास्ट ग्रँट रोडला थांबत नाही. शनिवारी जा, रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. ऑनलाइन भाव लिहून नेले होते आणि तीन दुकानांतून कोटेशन घेतली. दोन भागांवर घासाघीस करून उपयोग होत नाही, सगळा सेट एकाच ठिकाणी घेतला की भाव खाली येतो. जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि प्रत्येक भागाचा सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या. ग्राफिक्स कार्डाची वॉरंटी तीन वर्षांची असेल तर हा कागदही तीन वर्षं जपायचाय. खोकी मी माळ्यावर ठेवलीत. आईला ते पसंत नाही, पण वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर मूळ खोक्यासारखं पॅकिंग दुसरं नाही.

ग्राफिक्स कार्डावर सगळ्यात जास्त डोकं खाजवलं, आणि आज त्याच निर्णयाचं सगळ्यात जास्त समाधान आहे. पहिल्या दुकानात मला ८ जीबी मेमरीचं कार्ड गळ्यात मारायचा बराच प्रयत्न झाला. "मॅडम, आठ जीबी बहुत है, सब यही ले जाते है." १०८० पी वर नुसतं व्हॅलोरंटसारखा हलका गेम खेळणाऱ्याला ते पुरतंही. पण मी मॉनिटर १४४० पी घ्यायचं ठरवलं होतं. १०८० पी च्या पडद्यावर साधारण २१ लाख पिक्सेल, १४४० पी वर ३७ लाख, म्हणजे प्रत्येक फ्रेमला जवळजवळ पावणेदोन पट काम. शिवाय आजचे मोठे गेम टेक्स्चर (भिंती-वस्तूंवरची नक्षी) 'हाय'वर ठेवले की ८ जीबी भरून टाकतात. कार्डाची ही व्हिडिओ मेमरी भरली की कार्ड ओसंडलेला माल सिस्टिमच्या रॅममध्ये ठेवतं आणि पीसीआय एक्स्प्रेस या बोर्डावरच्या वाटेतून ने-आण करत बसतं. सरासरी फ्रेम रेट ठीक दिसतो, पण मधेच झटका बसतो, भिंतींवरची नक्षी धूसर होते आणि थोड्या वेळाने स्पष्ट होते. माझ्या ऑफिसमधल्या एकाच्या ८ जीबीच्या कार्डावर हे डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून हटले नाही. सायबरपंक २०७७ हा गेम मी रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा प्रकाश-सावल्यांचा खेळ) बंद ठेवून, हाय सेटिंगवर १४४० पी मध्ये खेळले. फ्रेम रेट साठच्या वर आरामात राहतो आणि सात महिन्यांत टेक्स्चर कधी कमी करावं लागलं नाही.

एएमडीची प्रतिस्पर्धी एनव्हिडिया, तिची बाजूही सांगते. तिचं डीएलएसएस (कमी बारीकीचं चित्र मोठं करून फ्रेम वाढवणारं तंत्र) खूप जास्त गेममध्ये आहे; एएमडीचं तसंच एफएसआर ४ चित्राला छान आहे, पण अजून कमी ठिकाणी मिळतं. ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरवर थ्रीडीचं काम करणाऱ्याने किंवा रे ट्रेसिंगचा शौक असणाऱ्याने आरटीएक्स ५०६० टीआयचं १६ जीबीवालं बघावं. माझ्या वेळी ते बरंच महाग पडत होतं.

आता आवाज. रायझन ५ ७६०० सोबत खोक्यात कूलर येतो आणि ६५ वॅटच्या प्रोसेसरला तो पुरतो. पण लहान पंख्याला तेवढीच उष्णता बाहेर टाकायला जास्त वेगाने फिरावं लागतं, आणि वेग म्हणजे आवाज. म्हणून मी पहिल्याच दिवशी १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर घेतला, सुमारे दोन हजारांचा. पूर्ण बिल्डमध्ये इतक्या कमी पैशांत इतका फरक दुसऱ्या कशानेच पडला नाही. मदरबोर्डच्या बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) पंख्याचा कर्व्ह असतो, म्हणजे किती तापमानाला किती वेग ते. तो मी सत्तर अंशांपर्यंत जवळजवळ सपाट ठेवलाय. नाहीतर ब्राउझर उघडला तरी पंखा एकदम घों करतो आणि लगेच खाली येतो. एकसुरी आवाजात आईची झोप लागते, वर-खाली होणाऱ्या आवाजाने ती जागी होते.

कॅबिनेटच्या बाबतीत मात्र मी चुकले आणि त्याचे पैसे दोनदा भरले. पुढे पूर्ण काच असलेलं कॅबिनेट दिसायला इतकं सुंदर होतं की हवा कुठून आत येणार याचा विचारच केला नाही. पावसाळ्यात निभावलं. ऑक्टोबरमध्ये खोली तेहतीस अंशांवर गेली तेव्हा कार्ड ७८ अंशांवर आणि त्याचे पंखे २४०० आरपीएमवर. हेडफोन लावून मला काही कळायचं नाही. एका रात्री आईच उठून बसली आणि म्हणाली, "अगं, मिक्सर चालू राहिलाय का?" पुढच्याच शनिवारी पुढे जाळी असलेलं कॅबिनेट आणलं: पुढे दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. तीच खोली, तोच गेम, कार्ड ६६-६७ वर आणि पंखे दीड हजारांच्या आसपास.

त्याच्या जोडीला दुसरी युक्ती, फुकटातली. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये रात्री मी फ्रेम सेकंदाला ९० वर बांधून ठेवते. कार्डाला उगाच १३० पर्यंत धावायला लागत नाही. वीज कमी, उष्णता कमी, पंखे शांत. मॉनिटरला फ्रीसिंक (कार्डाच्या वेगाशी जुळवून घेणं) असल्यामुळे ९० वरही चित्र गुळगुळीत राहतं.

जाळीच्या कॅबिनेटला धूळ जास्त लागते, ते खरं. आमच्याकडे एका बाजूला हायवे आणि दुसऱ्या बाजूला जुन्या इमारती पाडून टॉवर बांधायचं काम. पंधरा दिवसांत पुढचा फिल्टर करडा होतो. तो चुंबकाचा आहे, काढून नळाखाली धुते, पूर्ण वाळवते, परत लावते. पावसाळ्यात पीसी खिडकीपासून दूर आणि जमिनीपासून वीतभर उंच स्टँडवर ठेवला. रोज थोडा वेळ तरी चालू ठेवला, कारण आतली उब दमटपणा धरू देत नाही. गावाला चार-पाच दिवस गेलो तेव्हा वरून जुनी कॉटनची चादर टाकली. प्लास्टिक टाकू नका, आत घाम धरतो.

आता एक गोष्ट जरा सविस्तर लिहिते, कारण जुन्या इमारतींत राहणाऱ्या बऱ्याच जणांना ती सतावत असणार. पीसी जोडल्यावर कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या. मला वाटलं एसएमपीएसच खराब निघाला. तो ठीक होता. आमच्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. एसएमपीएसमध्ये विजेतली खरखर गाळायला छोटे कपॅसिटर असतात, ते लाइन आणि न्यूट्रल दोन्हींपासून अर्थला जोडलेले. अर्थ तुटलेलं असेल तर पत्रा हवेतच राहतो आणि त्यावर साधारण निम्मा दाब, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्ट दिसतात. करंट अगदी कमी असतो, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण उद्या आत खरंच काही शॉर्ट झालं तर त्याच पत्र्याने जीव जाऊ शकतो. वायरमनला बोलावून मीटरपासून अर्थची वायर ओढून घेतली आणि टेबलाजवळ नवा सॉकेट बसवला. ग्राफिक्स कार्डावर चाळीस हजार घालण्याआधी हे काम करायला हवं होतं.

यूपीएसचा धडाही त्यातलाच. घरी ६०० व्हीएचा जुना यूपीएस होता, जुन्या कॉम्प्युटरला वर्षानुवर्षं पुरलेला. गेम चालू असताना लाइट गेली की तो क्षणात बंद पडायचा. ६०० व्हीए म्हणजे प्रत्यक्षात ३६० वॅट. माझं कार्ड १६० वॅटच्या घरातलं, प्रोसेसर जास्तीत जास्त ८८, वर बोर्ड, पंखे, मॉनिटर. म्हणजे अगदी काठावर. शिवाय हल्लीच्या चांगल्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज नीट ओढणारं सर्किट) असतं, ते स्वस्त यूपीएसच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या वेव्हवर कधी कधी अडखळतं. आता ६०० वॅटचा प्युअर साइन वेव्हवाला, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत वेव्ह देणारा, घेतलाय. पाच-सात मिनिटं मिळतात, सेव्ह करून बंद करायला पुरेशी. विजेचं बिल विचाराल तर गेम खेळताना मॉनिटर धरून ३०० वॅटच्या आसपास जातात, म्हणजे सव्वातीन तासांना एक युनिट.

रॅमबद्दल. दुकानदार म्हणाला, आता १६ची एकच कांडी घ्या, दुसरी नंतर टाका. ऐकलं नाही ते बरं झालं. दोन कांड्या एकदम घेतल्या की ड्युअल चॅनल, म्हणजे मेमरीला दोन वाटा, मिळतो. आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यावर भाव असे चढले की मी घेतलेला सेट दुपटीहून महाग दिसत होता. कांड्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावायच्या. पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा काही मिनिटं काळाच राहतो. धाकटा भाऊ रडवेला झाला, "ताई, बोर्ड गेला का गं?" डीडीआर५ मध्ये तेव्हा मेमरी ट्रेनिंग (बोर्डाने रॅमशी जुळवून घेणं) चालू असतं, वीज बंद न करता थांबायचं. त्यानंतर बायोसमध्ये जाऊन एक्स्पो (रॅम पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) चालू करा. मी महिनाभर केलं नव्हतं, टास्क मॅनेजर उघडला तेव्हा कळलं की ६०००ची रॅम ४८०० वर चाललीय. मॉनिटरचंही तसंच: विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये हर्ट्झ बदलले नाहीत तर १८०चा पडदा ६० वरच चालत राहू शकतो. आणि भावाचं व्हॅलोरंट विंडोज ११ वर सुरूच होईना, ते बायोसमध्ये सिक्युअर बूट चालू केल्यावर झालं.

प्रोसेसरबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. सहा कोअर, माझ्या खेळाला कुठे कमी पडला नाही. इंटेलचा आय५ १२४००एफ आणि जुनी डीडीआर४ रॅम घेऊन सात-आठ हजार वाचले असते. पण त्याच्या सॉकेटला (बोर्डावर प्रोसेसर बसायची जागा) पुढे नव्या पिढ्या नाहीत, आणि माझ्या बोर्डाच्या एएम५ सॉकेटला एएमडीने किमान २०२७ पर्यंत नवे प्रोसेसर द्यायचं कबूल केलंय. तीन वर्षांनी बोर्ड न बदलता एक्स३डी (गेमसाठीचा वेगवान प्रोसेसर) टाकता येईल, हा माझा हिशेब.

तक्रार आहे ती १ टीबीची. एकेक मोठा गेम शंभर जीबीच्या पुढे जातो. विंडोज, भावाचे गेम आणि माझे तीन-चार एवढ्यातच एसएसडी भरला. आता नवीन काही टाकायचं तर आधी जुनं काढावं लागतं, आणि घरच्या इंटरनेटवर परत डाउनलोड म्हणजे अख्खी रात्र. कार्डाच्या खाली एम.२ ची (एसएसडी बसवायची) दुसरी खाच रिकामी आहे. तिचा बारीकसा स्क्रू बोर्डाच्या खोक्यात चिकटवून माळ्यावर ठेवलाय. एसएसडीचेही भाव चढलेत, ते खाली आले की २ टीबी घेणार.