ग्रासहॉपर सात महिने रोज वापरून: काय जमलं, काय अजून डोकं खातंय

आधीच सांगते, मी कोडिंगवाली नाही. नाशिकला एका छोट्या इंटिरिअरच्या ऑफिसात आहे, ऑटोकॅड आणि स्केचअपवर दहा वर्षं गेली. जाळीचं पार्टिशन आलं की गोल कॉपी करत बसायचं आणि क्लायंट म्हणाला "भोकं जरा मोठी करा" की परत पहिल्यापासून. या वैतागातून रायनो या थ्रीडी सॉफ्टवेअरकडे वळले, कारण ग्रासहॉपर, म्हणजे कोड न लिहिता डब्बे तारांनी जोडून डिझाइन बनवायचं आणि आकडा बदलला की ते आपोआप बदलायचं टूल, त्याच्या आतच येतं (रायनो ६ पासून, म्हणजे २०१८ पासून, आधी वेगळं टाकावं लागायचं). ट्रायल ९० दिवसांची आहे, त्यात सगळं चालतं पण मुदत संपली की सेव्ह आणि प्लगइन दोन्ही बंद. तेव्हा सुरू कधी करायची ते बघून ठरवा, मी घरात लग्न असताना केली आणि वीस दिवस नुसते गेले. नंतर लायसन्स घेतलं, ते एकदाच घ्यायचं असतं, दरवर्षी पैसे भरायची भानगड नाही.

पहिला महिना मी चुकीचा घालवला. व्हिडिओ लावायचा, बघून बघून तारा जोडायच्या, छान काहीतरी वळणदार दिसलं की खूष, आणि दुसऱ्या दिवशी कोरा कॅनव्हास समोर आला की हात गार. मग नियम केला, रात्री जेवणं आवरली की अर्धा तास, एकच छोटी गोष्ट, आणि आधी कालची फाइल न उघडता तीच परत करून बघायची. बोअर होतं, पण हाताला बसलं ते यानेच.

डेटा ट्री, म्हणजे फांद्या-फांद्यांत ठेवलेल्या याद्या, मात्र डोक्यात शिरायलाच तयार नव्हता. ग्राफ्ट (प्रत्येक वस्तूला वेगळी फांदी), फ्लॅटन (सगळ्या फांद्या मोडून एकच यादी), नुसते शब्द. तो समजला आईच्या रांगोळीवरून, खरंच. ११ ते ६ ठिपक्यांची रांगोळी असते ना, मधली ओळ ११ ची, वर-खाली कमी होत ६ पर्यंत, एकूण ९१ ठिपके. ती ग्रासहॉपरमध्ये मांडायला घेतली, तीन रात्री गेल्या. ओळी ११, म्हणजे फांद्या ११, आणि प्रत्येक फांदीत ठिपके वेगवेगळे. फ्लॅटन केलं की ९१ ठिपके एकाच रांगेत आणि त्यातून रेघ ओढली तर ती एका ओळीच्या टोकावरून दुसरीच्या सुरुवातीला उडी मारत जाते, सगळा गोंधळ. आणि ६ ठिपक्यांची ओळ ७ च्या ओळीला जोडली तर कुठलाही एरर येत नाही, कमी पडलेल्या यादीचा शेवटचा ठिपका गुपचूप परत वापरला जातो आणि त्यावरून दोन रेघा निघतात! डब्बा नारिंगी पण होत नाही. तेव्हापासून तार बघायची सवय लागली: एकेरी म्हणजे एकच वस्तू, दुहेरी म्हणजे यादी, तुटक दुहेरी म्हणजे ट्री.

खरं काम आलं पाचव्या महिन्यात. ८ बाय ४ च्या शीटची जाळी, ५० एमएमवर एक गोल, ४६ गुणिले २२ म्हणजे १०१२ गोल, एका बिंदूजवळ मोठे आणि लांब जाईल तसे बारीक. अंतर काढा, रिमॅप करा (म्हणजे ते आकडे हव्या त्या मर्यादेत बसवा), त्रिज्या ८ ते २२. बावीसच्या वर नाही, कारण दोन मोठ्या गोलांमध्ये निदान ६ एमएम पत्रा राहायला हवा, हे अंबडच्या लेझर कटिंगवाल्यांनी सांगितलेलं, कुठल्याच ट्युटोरियलमध्ये नव्हतं. क्लायंटसमोर बसून स्लायडर सरकवला, दहा मिनिटांत डिझाइन पास. आणि मग मी माती खाल्ली. बेक केलं (म्हणजे ग्रासहॉपरमधले गोल रायनोत खऱ्या वस्तू म्हणून उतरवले), स्लायडर थोडा हलवला, परत बेक केलं, जुने गोल डिलीट करायचे राहिले. ऑपरेटरचा फोन, "मॅडम, गोल दोन-दोन दिसतायत." त्याने बघितलं म्हणून वाचले, नाहीतर शीट भंगारात. रायनोत सेलडुप कमांड आहे पण ती तंतोतंत सारखे असतील तेच पकडते, माझ्या त्रिज्या वेगळ्या होत्या. आता बेकला वेगळा लेअर ठेवते आणि आधी तो रिकामा करते.

हँग होणं हे आहेच. वोरोनॉयला (ठिपक्यांभोवती कप्पे पाडणारा डब्बा) जोडलेल्या स्लायडरवर ५० च्या जागी ५००० टाइप झालं की चहा करून या. मोठा बदल करायच्या आधी सॉल्व्हर लॉक करायचा, म्हणजे ग्रासहॉपरचा हिशोब तेवढा थांबतो.

लोकांच्या टूल्सबद्दल. फूडफॉररायनो या साइटवर ढीगभर प्लगइन आहेत, बरीच फुकट, आणि मी अधाशासारखी सगळी टाकली. आता वापरते फक्त लंचबॉक्स, तेही पॅनलिंगपुरतं, म्हणजे पृष्ठभागाचे तुकडे पाडायला. कांगारू (ताण-वजनाचं सिम्युलेशन करणारं) वेगळं टाकावंच लागत नाही, आतच आहे. जास्त प्लगइनचा तोटा कळला तो आम्ही ग्रासहॉपर वापरणाऱ्या चौघांनी ड्राइव्हवर सामायिक फोल्डर काढला तेव्हा. माझी पहिली फाइल कोणाकडेच धड उघडेना, कोणाकडे प्लगइन नाही, आणि ज्याच्याकडे उघडली त्याला नुसता रिकामा स्क्रीन, कारण मी कर्व्ह रायनोतून घेतलेला आणि इंटर्नलाइज (ग्रासहॉपरच्या फाइलमध्येच साठवणं) केलाच नव्हता. आता फोल्डरचा नियम: डेटा इंटर्नलाइज, प्रत्येक ग्रुपला मराठीत नाव, आणि प्लगइन लागत असेल तर पॅनेलमध्ये (कॅनव्हासवरची चिठ्ठी) लिहायचं.

गेल्या आठवड्यात आमच्यातल्या कोल्हापूरच्या मुलाने जाळीची फाइल उघडली आणि विचारलं, ताई हे मधलं फ्लॅटन कशाला लावलंय? मला सांगताच येईना. काढून बघितलं. १०१२ गोल जसेच्या तसे.