बंद मीटरच्या मोटारसायकलला सायकलचा मीटर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझी १०० सीसीची जुनी मोटारसायकल जुलै २०२३ मध्ये ४१,३६८ या आकड्यावर थांबली. म्हणजे गाडी चालत राहिली, मीटर थांबला. काटा आणि किलोमीटरचे आकडे दोन्ही एकाच दिवशी बंद पडल्यामुळे दोष मीटरच्या आत नसून वायरमध्ये किंवा पुढच्या चाकातील गरारीत असणार, हे मेकॅनिकने लगेच सांगितले. (काटा हलतो आणि आकडे मात्र पुढे सरकत नाहीत, असे असेल तर बहुधा मीटरमधील प्लॅस्टिकचे दाते झिजलेले असतात.) वायर तीनदा बदलली, झिजलेली गरारी अडकली की नवी वायरही काही आठवड्यांत तुटे, आणि या मॉडेलची गरारी आमच्याकडे मिळेना. अकरा महिने मी मीटरशिवाय गाडी चालवली. ऑईल कधी बदलायचे हे अंदाजाने ठरू लागले आणि गाडी लिटरला किती देते हे तर कळेनासेच झाले, तेव्हा जून २०२४ मध्ये मी पुढच्या चाकाला सायकलचा साधा, वायरचा मीटर लावला.

या मीटरची रचना अगदी सोपी आहे. चाकाच्या एका तारेवर लहानसा चुंबक बसतो, पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या नळीवर सेन्सर बसतो, आणि चुंबक समोरून गेला की एक फेरा मोजला जातो. फेऱ्यांना चाकाच्या घेराने गुणून मीटर अंतर दाखवतो. त्यामुळे तो घेर मीटरमध्ये मिलिमीटरमध्ये भरावा लागतो, आणि सगळे खरेखोटेपण त्या एका आकड्यात आहे. माझ्या गाडीचा पुढचा टायर २.७५-१८ मापाचा. मी गाडी डबल स्टँडवर घेऊन टायरभोवती दोरा गुंडाळला, १,८८० हा आकडा भरला आणि निर्धास्त झालो. पहिल्याच रविवारी रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांशी ताडून पाहिले, तर २० किलोमीटरला मीटरने २०.५ दाखवले. चूक माझी होती. गाडीवर माणूस बसला की टायर जमिनीशी दबतो आणि एका फेऱ्यात प्रत्यक्ष कापले जाणारे अंतर कमी होते. मग हवा नेमकी भरून, टायरवर खडूची खूण करून, मी गाडीवर बसलो आणि मुलाने मागून ढकलत सपाट रस्त्यावर दहा फेरे चालवली, टेपने १८.३२ मीटर आले. १,८३२ भरल्यापासून दगड आणि मीटर यांच्यात वीस किलोमीटरला शंभर मीटरचाही फरक पडलेला नाही. मात्र ही तपासणी एखाद-दुसऱ्या किलोमीटरवर करू नये, कारण रस्ता रुंद करताना दगड उपटून पुन्हा अंदाजाने पुरलेले असू शकतात. लांब पल्ला घेतला की असे दोष विरून जातात.

मोबाईलवरून अंतर मोजण्याचाही प्रयोग केला. रोजच्या जाण्यायेण्याचे अंतर मीटरवर २९.४ किलोमीटर येते, तर मोबाईल कधी २९.१, तर कधी २९.९ दाखवतो. सिग्नलवर किंवा टपरीपाशी गाडी उभी असतानाही मोबाईलमधील ठिपका इकडे-तिकडे सरकून अंतर वाढवतो, आणि वळणांवर तो कोपरे कापतो. ऑगस्टमध्ये साताऱ्याहून पुण्याला गेलो तेव्हा खंबाटकीच्या बोगद्यात तर त्याने सरळ रेघच ओढली. त्याच प्रवासात जाण्याचा आणि येण्याचा आकडा जुळेना, म्हणून मी आधी मीटरवरच संशय घेतला. पुण्याकडे जाताना बोगदा आणि साताऱ्याकडे परतताना घाट, हे रस्त्याने इतकी वर्षे जाऊनही माझ्या लक्षात आले नाही.

आता उणिवा. पहिल्याच पावसात काचेच्या आत वाफ धरली आणि दोन दिवस आकडे वाचता आले नाहीत. तेव्हापासून वर पारदर्शक पिशवी बांधतो. दिवा नसल्यामुळे रात्री हा मीटर निरुपयोगी आहे. खड्ड्यांनी चुंबक तारेवरून सरकतो, आणि त्याच्यात व सेन्सरमध्ये अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फट पडली की फेरे गळू लागतात, म्हणजे आकडा गुपचूप कमी होतो. नाण्यासारखा सेल बदलताना एकूण किलोमीटरही जातात आणि भरलेला घेरही. सेल काढण्यापूर्वी दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. आणि हा मीटर म्हणजे गाडीचा स्पीडोमीटर नव्हे, मूळ दुरुस्ती कधी ना कधी करावीच लागेल.

लिटरमागचे मायलेज मी प्रत्येक वेळी टाकी त्याच खुणेपर्यंत भरून काढले. एका टाकीचे गणित फसवे असते, कारण पंपावर गाडी किंचित तिरकी उभी राहिली तरी पाव लिटर इकडे-तिकडे होते. आठ महिन्यांत ६,२१४ किलोमीटरला १०८.४ लिटर पेट्रोल लागले, म्हणजे लिटरला ५७.३.

या आकड्याचा खरा उपयोग झाला तो मधल्या अकरा महिन्यांचा हिशेब लावताना. मी पेट्रोलचे पैसे बहुतेक मोबाईलवरूनच देतो, त्यामुळे त्या काळातील पंपांची सगळी देणी सापडली. बेरीज १४,९१० रुपये. तेव्हाचा भाव सरासरी १०५ रुपये ५० पैसे धरला, तर सुमारे १४१ लिटर, म्हणजे साधारण ८,१०० किलोमीटर. दुसऱ्या बाजूने हजेरीपत्रकावर कामाचे २६२ दिवस होते, गुणिले २९.४ म्हणजे सुमारे ७,७००, आणि उरलेले चारशे बाजारहाट व सणावाराच्या फेऱ्यांचे. रोखीने भरलेले थोडे पेट्रोल यात आलेले नाही, आणि पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वाढत गेल्यामुळे तेव्हाचे मायलेज आजच्याहून किंचित बरेही असेल; दोन्ही गोष्टी आकडा थोडा वरच नेतात. ४१,३६८ मध्ये ही दोन्ही अंतरे मिळवली की बेरीज ५५,६८२ होते, पण शेवटच्या तीन अंकांवर माझा विश्वास नाही.

गेल्या महिन्यात गाडी विकायला काढली. आमच्याकडच्या एका एजंटाने सुचवले, ‘मीटरवर एकेचाळीस हजार दिसतंय ना, मग तेवढंच सांगा.’ मी घेणाऱ्याला ५५ ते ५६ हजार सांगितले, वरच्या बेरजेचा कागद दाखवला, आणि तो आता आरसीच्या पाकिटात आहे. त्याने दोन हजार कमी केले. सायकलचा मीटर मात्र मी काढून ठेवला आहे.